एका संघाचे दोन नायक

सायकल चालविताना समोरून जोराचा वारा येऊ लागला म्हणजे पाय कसे जड होतात, याचा अनुभव तुम्हांपैकी पुष्कळांना असेल. अशा वेळी एखादा मित्र पुढे असला आणि त्याच्या मागील चाकाच्या अगदी जवळून तुम्ही सायकल चालविली, तर श्रम एकाएकी हलके वाटू लागतात. वारा पुढच्याच्या छातीवर आदळतो. मागच्याच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो. वेगाने जाणाऱ्या स्वारांमध्ये मागच्याची जवळजवळ एक तृतीयांश शक्ती अशा रीतीने वाचू शकते. गोष्ट साधी आहे. परंतु सायकलींच्या मोठ्या शर्यतींतील बहुतेक डावपेच तिच्यातूनच निघतात.

या शर्यतींत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘तूर द फ्रान्स’, अर्थात फ्रान्सची प्रदक्षिणा. एका वर्तमानपत्राने आपला खप वाढावा या हेतूने ती १९०३ साली सुरू केली. ही शर्यत एका दिवसात संपत नाही. ती सुमारे तीन आठवडे चालते. रोज एक टप्पा पुरा करावयाचा, त्यास लागलेला वेळ मांडून ठेवावयाचा, आणि शेवटी सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज करावयाची. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी. म्हणून एकही टप्पा न जिंकता सबंध शर्यत जिंकणे शक्य असते आणि अनेक टप्पे जिंकूनही ती हरता येते. त्या त्या दिवशी बेरजेत जो सर्वांत पुढे असेल, त्याने पिवळा सदरा घालावयाचा, अशी चाल १९१९ पासून पडली आहे. इटली देशात अशीच एक शर्यत होते. तिचे नाव ‘जीरो दितालिया’. तिच्यात हाच मान गुलाबी सदऱ्याला आहे.

विजेता म्हणून एकाचेच नाव लागते. परंतु शर्यत खेळतो तो संघ. संघात एक नायक असतो आणि बाकीचे त्याचे साथीदार. इटालियन लोक अशा साथीदाराला ‘ग्रेगारिओ’ म्हणतात. मूळ लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘कळपातला’ असा होतो. नायकाच्या पुढे राहून वारा आपल्या अंगावर घ्यावा, त्याच्यासाठी पाणी आणावे, त्याचे चाक निकामी झाले तर आपले काढून द्यावे आणि स्वतः रस्त्याच्या कडेला थांबून राहावे, हे त्याचे काम. नायक जिंकला तर बक्षिसाच्या रकमेत साथीदारांना वाटा मिळतो. मात्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते ते नायकाचे.

आता अशी कल्पना करा, की एकाच संघात दोघेजण नायक होण्याच्या योग्यतेचे आहेत. मग साथीदारांनी वारा कोणासाठी अडवावा? एकाचे चाक निकामी झाले तर दुसऱ्याने थांबावे की पुढे जावे? आणि घाटाच्या चढावर दोघे एकमेकांवरच नजर ठेवून बसले, तर परक्या संघाचा तिसराच कोणी निसटून जाणार नाही का? हा प्रश्न शर्यतीच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला आहे. परंतु जीनो बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी या दोघा इटालियनांपुढे तो जसा उभा राहिला, तसा क्वचितच दुसऱ्या कोणापुढे राहिला असेल.

बार्ताली वयाने पाच वर्षांनी वडील. त्याचा जन्म १९१४ साली फ्लॉरेन्स शहराजवळच्या एका गावी झाला. १९३८ साली त्याने फ्रान्सची प्रदक्षिणा जिंकली, तेव्हा तो साऱ्या इटलीचा लाडका झाला. कोप्पी हा उत्तर इटलीतील कास्तेल्लानिया या खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी तो एका खाटकाच्या दुकानात कामाला होता आणि गिऱ्हाइकांच्या घरी माल पोहोचविण्यासाठी सायकलवरून फिरत असे.

१९४० साली हा वीस वर्षांचा पोरगा बार्तालीच्या संघात साथीदार म्हणून दाखल झाला. जीरो शर्यतीच्या आरंभीच एक कुत्रा आडवा आल्यामुळे बार्ताली पडला, जखमी झाला आणि मागे राहिला. पुढे कोप्पीने गुलाबी सदरा मिळविला. तेव्हा नायकाने साथीदाराचे काम पतकरले आणि डोंगराळ प्रदेशात बार्तालीने कोप्पीला साहाय्य केले. शर्यत कोप्पीने जिंकली. ती ९ जून रोजी संपली आणि दुसऱ्याच दिवशी इटलीने महायुद्धात उडी घेतली. कोप्पी सैनिक म्हणून आफ्रिकेत गेला व ब्रिटिशांच्या हाती युद्धकैदी झाला. बार्तालीने तर या काळात एक निराळेच धाडस केले. छळाच्या भयाने लपून राहिलेल्या ज्यू लोकांसाठी बनावट ओळखपत्रे तयार होत. ती सायकलीच्या पोकळ नळ्यांत दडवून तो सरावाच्या मिषाने दूरदूरच्या गावी पोहोचवीत असे. ही हकीकत सांगत बसणे त्याला आवडत नसे, म्हणून ती पुष्कळ उशिरा जगापुढे आली.

युद्ध संपले तेव्हा दोघे दोन निरनिराळ्या संघांत होते आणि तुल्यबळ होते. सारा देश दोन पक्षांत वाटला गेला. उपाहारगृहांत, बाजारांत, घराघरांत ‘तू कोणाचा, बार्तालीचा की कोप्पीचा?’ असे वाद रंगत. लोकांची ही चढाओढ त्या दोघांनाही भोवली. १९४८ साली हॉलंडमधील फाल्केनबुर्ख येथे जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. त्या वेळी दोघे इटलीच्याच संघातून उतरले होते. परंतु आपण जिंकावे यापेक्षा दुसऱ्याने जिंकू नये, याचीच दोघांना अधिक काळजी! एक मागे राहिला की दुसराही मागे राही. इतर स्वार निघून गेले आणि शेवटी या दोघांनी शर्यत सोडून दिली. घरी परतल्यावर इटलीच्या सायकल-मंडळाने दोघांनाही काही काळ शर्यतींतून बाद केले. माझ्या मते ही शिक्षा योग्यच होती.

पुढील वर्षी पेच अधिकच बिकट झाला. १९४९ च्या जीरो शर्यतीत दोघे विरुद्ध संघांत होते. कूनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात कोप्पीने पाच घाट ओलांडीत १९२ किलोमीटर अंतर एकट्याने तोडले. दुसरा आलेला बार्ताली जवळजवळ बारा मिनिटांनी मागे होता. ही शर्यत १२ जूनला संपली. फ्रान्सची प्रदक्षिणा ३० जूनला सुरू व्हावयाची होती. आणि तिच्यात त्या काळी कंपन्यांचे नव्हे, तर देशांचे संघ भाग घेत. म्हणजे कालचे वैरी अठरा दिवसांनी एकाच संघाचे सोबती होणार होते! संघाची व्यवस्था आल्फ्रेदो बिंदा याच्याकडे होती. तो स्वतः एके काळचा नामांकित स्वार. जीरो शर्यत त्याने पाच वेळा जिंकलेली, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते. दोघांचीही समजूत घालून त्याने त्यांना संघात आणले.

पाचव्याच टप्प्यात संकट ओढवले. रूआंहून सँ-मालो गावाकडे जाताना कोप्पी पुढच्या तुकडीत होता. तेथे टक्कर होऊन त्याची सायकल मोडली. बदली मिळालेली सायकल त्याच्या नेहमीची नव्हती. कोप्पी रुसून बसला. संघात बार्तालीला झुकते माप मिळते, असा संशय त्याच्या मनात घर करून होता. ‘मी घरी जातो’ असेच तो म्हणू लागला. बिंदाने त्याची नाना प्रकारे विनवणी केली आणि अखेर त्याला मार्गस्थ केले. त्या दिवसाअखेर तो पिवळ्या सदऱ्याच्या स्वारापासून छत्तीस मिनिटांहून अधिक मागे पडला होता. एवढे अंतर भरून निघेल, असे म्हणणारा माणूस त्या रात्री शोधूनही सापडला नसता.

परंतु पर्वत अजून पुढे होते. १८ जुलै रोजी स्वार कान शहराहून आल्प्स पर्वतातील ब्रियाँसाँ गावाकडे निघाले. टप्पा २७४ किलोमीटरांचा, आणि वाटेत इझोआर नावाचा उंच, उघडा, खडकाळ घाट. या चढावर बार्ताली आणि कोप्पी सर्वांना मागे टाकून दोघेच पुढे निघून गेले. काही वेळ एकाने वारा अडवावा, मग दुसऱ्याने पुढे यावे, असे चालले होते. फाल्केनबुर्ख येथे ज्यांनी एकमेकांना अडवून धरले होते, तेच आता एकमेकांना ओढून नेत होते. तो बार्तालीचा पस्तिसावा वाढदिवस होता. गाव जवळ आले तेव्हा कोप्पीने जोर केला नाही. टप्पा बार्तालीला जिंकू दिला. तिसरा स्वार पाच मिनिटांनी आला. पिवळा सदरा बार्तालीच्या अंगावर चढला आणि कोप्पी त्याच्यामागे दीड मिनिटाच्या आत येऊन ठेपला.

दुसरा दिवस त्याहून कठीण. ब्रियाँसाँहून चार घाट चढून इटलीतील आओस्ता शहरी जावयाचे होते. दोघे पुन्हा बरोबरच निघाले, पुन्हा बरोबरच इतरांपासून सुटले. शेवटच्या घाटाचा उतार लागला आणि बार्तालीचे चाक पंक्चर झाले. कोप्पी वाट पाहू लागला. मालक जिंकत असेल तेव्हा थांबणे ग्रेगारिओला सोपे असते. येथे थांबणारा स्वतःच जिंकण्याच्या बेतात होता. अखेरीस बिंदाने त्याला पुढे जाण्यास सांगितले. कोप्पी गेला. आओस्ता येथे तो बार्तालीच्या सुमारे पाच मिनिटे आधी पोहोचला आणि पिवळा सदरा त्याच्याकडे आला.

बिंदाने न्याय केला की अन्याय? बार्तालीच्या चाहत्यांना तो अन्यायच वाटला. आपण थोडे गणित करून पाहू. यानंतर चार दिवसांनी कोल्मार ते नान्सी असा १३७ किलोमीटरांचा टप्पा झाला. त्यात प्रत्येक स्वाराने एकट्याने, घड्याळाशी झुंजावयाचे होते. कोणाच्या आडोशाला राहावयाची सोय नव्हती. हा टप्पा कोप्पीने जिंकला. बार्ताली दुसरा आला. परंतु त्याला सात मिनिटे अधिक लागली. म्हणजे आओस्ता येथे दोघे जोडीने पोहोचले असते, तरीही दीड मिनिटाची आघाडी बार्तालीला पुरली नसती. बिंदा स्वतः उत्तम स्वार असल्यामुळे, दोघांत बलवान कोण हे त्याने बहुधा ओळखले होते. तथापि, चाक पंक्चर झालेल्या माणसाला त्या उतारावर हे गणित पटावे, अशी अपेक्षा आपण करू नये.

पॅरिस येथे प्रदक्षिणा संपली तेव्हा कोप्पी पहिला आणि बार्ताली जवळजवळ अकरा मिनिटांनी दुसरा होता. तिसरा आलेला झाक मारिनेली कोप्पीपासून पंचवीस मिनिटे मागे होता. एका माणसाने एकाच वर्षी इटलीची आणि फ्रान्सची अशा दोन्ही शर्यती जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग. दोन नायक असलेल्या संघाला पहिली दोन्ही स्थाने मिळाली होती.

तीन वर्षांनी, १९५२ साली, ते पुन्हा एकदा इटलीच्या संघातून फ्रान्सला गेले. आता मात्र नायक कोण याबद्दल वाद उरला नव्हता. कोप्पीने ती शर्यत अठ्ठावीस मिनिटांच्या अंतराने जिंकली. नुकतीच अडतीस वर्षे पुरी केलेला बार्ताली चौथा आला. त्या वर्षी गालिबिए घाटात एक छायाचित्र घेण्यात आले. त्यात दोघे पुढेमागे सायकली हाकीत आहेत आणि त्यांच्या हातांत पाण्याची एक बाटली आहे. बाटली कोणी दिली आणि कोणी घेतली, हे चित्रावरून सांगता येत नाही. इटलीत त्यावर वर्षानुवर्षे वाद होत राहिला. कोप्पी १९६० साली हिवतापाने अवघ्या चाळिसाव्या वर्षी मरण पावला. बार्ताली २००० सालापर्यंत जगला. आणि ती बाटली देणारा कोण, हा प्रश्न लोक त्याला अखेरपर्यंत विचारीतच राहिले.