मिठाच्या गुळण्या आणि बेहडेदळ

डिसेंबरात पैनगंगेच्या काठावर धुके उतरू लागले की किनवटच्या शाळा-कॉलेजांत स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात आणि नेमके त्याच सुमारास अर्ध्या वर्गाचे घसे धरतात. मग घरोघरचे उपाय बाहेर पडतात. कुणाच्या गळ्याभोवती मफलर, कुणाच्या खिशात ज्येष्ठमधाची कांडी, तर कुणाच्या गालात बेहडेदळाचा तुकडा. बेहडा हा आमच्या सागवानी जंगलातलाच वृक्ष, त्यामुळे त्याचे अप्रूप नाही. अशाच एका तासाला मागच्या बाकावरून घोगऱ्या आवाजात प्रश्न आला, "सर, मिठाच्या गुळण्यांनी खरंच काही होतं का हो?"

विद्यार्थिमित्रांनो, प्रश्न दिसतो वैद्यकाचा, पण त्याचे अर्धे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

घसा दुखतो म्हणजे काय होते ते आधी पाहू. बहुतेक वेळा सर्दीपडशाचे विषाणू घशाच्या अस्तरात शिरलेले असतात. त्यांच्याशी झुंजण्यासाठी तिथला रक्तपुरवठा वाढतो, रक्तातील द्रव आजूबाजूच्या ऊतींत झिरपतो, अस्तर लाल होऊन सुजते आणि सुजेचा ताण चेतातंतूंवर पडतो. म्हणून आवंढा गिळताना कळ येते. हे दुखणे साधारण आठवडाभरात आपले आपण बरे होते. इथेच एक गंमत आहे. सहाव्या दिवशी जो उपाय केला असेल, त्याला सातव्या दिवशी श्रेय मिळते!

आता मिठाकडे वळू. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालून थोडा वेळ ठेवली की वाटीत पाणी सुटते, हे तुम्ही रोज पाहता. काकडीच्या पेशींचे पटल पाण्याला सहज वाट देते, मिठाला देत नाही. त्यामुळे पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. याला परासरण म्हणतात. जुन्या पुस्तकांत 'तर्षण' असाही शब्द सापडेल. फ्रान्समध्ये नोले याने १७४८ साली प्राण्याच्या मूत्राशयाचे पटल वापरून ही क्रिया प्रथम दाखवली. पुढे व्हांट हॉफ या डच शास्त्रज्ञाने तिचे गणित मांडले आणि १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

घरी करून पाहा. बटाट्याच्या सारख्या जाडीच्या दोन चकत्या कापा. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरी चांगल्या खारट पाण्यात. तासा-दोन तासांनी खारट पाण्यातली चकती बोटांनी वाकवून पाहा. ती मऊ पडलेली असेल, साध्या पाण्यातली मात्र कडक राहील.

आपल्या शरीरातील द्रव ०.९ टक्के मिठाच्या पाण्याशी तुल्य असतात. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, कोमट पाण्यात अर्धा चमचा (सुमारे ३ ग्रॅम) मीठ टाकले की द्रावण दीड टक्क्याचे होते, म्हणजे शरीरातील द्रवाहून दाट. या ०.६ टक्क्याच्या फरकाने किती दाब निर्माण व्हावा? व्हांट हॉफच्या सूत्राने हिशेब केला तर सुमारे पाच वातावरणीय दाब येतो, म्हणजे पन्नास मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका! अर्थात हा आकडा आदर्श पटलाचा. घशाचे अस्तर तसे नसते, आणि गुळणी टिकते जेमतेम अर्धा मिनिट. तेव्हा वरच्या थरातला थोडा द्रव खेचला जातो, चिकट कफ सैल होतो, धुऊन जातो, आणि काही काळ बरे वाटते. एवढेच. अस्तराच्या पेशींत शिरलेला विषाणू जागचा हलत नाही. जास्त मीठ टाकल्याने जास्त गुण येईल म्हणाल तर तेही नाही. उलट अस्तर चुरचुरते.

निव्वळ धुण्यालाही महत्त्व असावे, असे दिसते. जपानमध्ये ३८७ निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात साध्या पाण्याने रोज गुळण्या करणाऱ्यांना सर्दीपडसे कमी झाले, आयोडीनयुक्त औषधाच्या गुळण्यांचा मात्र तसा ठळक उपयोग दिसला नाही.

ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसिऱ्हायझिन या द्रव्याची. ते साखरेच्या कितीतरी पट गोड असते. शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालतात, त्याने नंतर घसा दुखतो. व्हिएन्नात २३६ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात (२०१३) आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केलेल्यांना हा त्रास कमी झाला. आपल्या आजीला हे वाचून दाखवायला हरकत नाही. मात्र दिवसचे दिवस ज्येष्ठमध चघळत राहिले तर रक्तदाब वाढतो, हेही तिला सांगा. बेहडेदळात टॅनिन असते. त्याने तोंडाला तुरट आवळल्यासारखे वाटते, लाळ सुटते आणि कोरडा घसा ओला राहतो. मध पाण्यापेक्षा कितीतरी दाट, त्यामुळे तो घशावरून सावकाश उतरतो आणि वाटेत लेप देत जातो. फक्त वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. त्यातील काही जीवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात.

वाफेबद्दल मला जरा कडकच बोलायचे आहे. १०० अंश सेल्सिअसची एक ग्रॅम वाफ कातडीवर पाणी होताना ५४० कॅलरी उष्णता सोडते. तेवढेच उकळते पाणी ३७ अंशांपर्यंत निवताना फक्त ६३. त्यात टॉवेलखाली डोके आणि मांडीजवळ उकळते पातेले! करोनाच्या साथीत, २०२० साली, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात अशा भाजलेल्या मुलांची संख्या एकाएकी वाढली होती. घशासाठी गरम पेज किंवा आल्याचा चहा पुरतो.

आता उरलेले अर्धे उत्तर. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगी प्रयोगशाळेचा जिना चढताना धापा टाकू लागली. तपासणीत हृदयाची झडप बिघडलेली निघाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घशाचा. लहानपणी तिचा घसा फार दुखला होता, ताप होता, पुढे सांधे सुजले होते. घरच्यांनी हळदीचे दूध दिले, गुळण्या दिल्या. घसा थांबला आणि सगळे विसरून गेले.

हा स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूचा प्रताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत तो विशेष आढळतो. घसा एकाएकी दुखू लागतो, ताप चढतो, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, जबड्याखालच्या गाठी दुखतात, आणि खोकला किंवा वाहते नाक मात्र बहुधा नसते. घसा इथेही आठवड्यात थांबतो, पण काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो. जीवाणूशी लढण्यासाठी शरीराने उभी केलेली फौज सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे सुधारतात, झडपा नेहमीच सुधारत नाहीत.

घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तर हा धोका बहुतांशी टळतो. एवढी वर्षे वापरूनही हा जीवाणू पेनिसिलिनला दाद देईनासा झालेला नाही, ही मोठीच सोय. म्हणून वरील लक्षणे दिसली की दवाखान्यात जाऊन घसा दाखवावा. नांदेड आमच्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर असले तरी यासाठी नांदेड गाठावे लागत नाही. डॉक्टर एकच इंजेक्शन देतील किंवा दहा दिवसांच्या गोळ्या. गोळ्यांनी दोन-तीन दिवसांतच बरे वाटते आणि उरलेली पुडी फडताळात जाऊन पडते. तसे करू नका. दहाव्या दिवसाची गोळीही घ्यायची असते. सोबत गुळण्या चालू ठेवल्या तर डॉक्टर काही म्हणणार नाहीत.