फोमची गादी परत घ्यायची कुणी?

तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा पलंगावर निजते. त्यातली घोर निद्रा भाद्रपद वद्य अष्टमीला सुरू होते आणि घटस्थापनेला संपते. त्याआधी पलंगावरच्या गाद्यांतला कापूस काढून हातांनी पिंजतात आणि गाद्या पुन्हा भरतात. धार्मिक अर्थ क्षणभर बाजूला ठेवला, तर गादी वापरण्याची जुनी रीत या विधीत अजून टिकून आहे. एके काळी घरोघरी हेच चाले. गादी दबली, कापसाचे गोळे झाले की पिंजारी किंवा नदाफ दारात येई, खोळ उसवी, पिंजणीच्या तातीवर कापूस उडवून मोकळा करी, थोडा नवा घाली आणि दिवस मावळायच्या आत गादी टाचून देई. अगदीच निकामी झालेला कापूस उकिरड्यावर गेला तरी कुजून मातीत मिसळे. जुन्या गादीचं करायचं काय, हा प्रश्न पडत नसे, कारण तिच्याकडे पुन्हा पुन्हा पाहणारा माणूस ठरलेला होता. फोमच्या गादीला असा माणूस नाही, आणि माझ्या मते घोडं इथंच अडतं. फोम वाईट आहे किंवा लोक बेफिकीर आहेत, ही दोन्ही उत्तरं सोपी आणि अपुरी आहेत.

गादीतला फोम म्हणजे बहुतेक वेळा पॉलियुरेथेन. या रसायनाचा पाया जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये घातला. प्लास्टिकची बादली वितळवून तिच्यापासून नवी वस्तू करता येते, तसं या फोमचं होत नाही. थिजलेलं तूप कितीदाही पातळ करा, भाजलेल्या भाकरीचं मात्र पुन्हा पीठ होत नाही. फोमची जात भाकरीची. म्हणून त्याचा पुनर्वापर करायचा तो बहुतेक वेळा तुकडे करूनच. कारखान्यात फोम कापताना उरलेली कात्रणं बारीक करतात, त्यांना चिकटद्रव्य लावतात आणि वाफेच्या दाबाखाली ठोकळे बनवतात. दुकानात ‘रिबॉन्डेड’ म्हणून मिळणारी, आतून रंगीबेरंगी ठिपक्यांची कडक गादी ती हीच. म्हणजे तंत्र आहे, मालाला बाजारही आहे. पण कात्रण कोरडं आणि स्वच्छ असतं, शिवाय एकाच जागी ढिगानं मिळतं. दहा वर्षं घाम आणि धूळ प्यालेली, कदाचित ढेकणांनी भरलेली आणि परंड्यातल्या एखाद्या घराच्या माळ्यावर पडलेली एकुलती एक गादी त्या यंत्रापर्यंत कशी पोचणार?

हिशेब करून पाहू. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच जाड गादीचा फोम घनमीटरला 32 किलोचा धरला, तर तिचं वजन भरतं साडेपाच किलोच्या आसपास. पाऊण टन माल वाहणारा छोटा टेम्पो अशा पंचवीस-तीस गाद्यांतच गच्च होतो आणि तेव्हा त्यात जेमतेम दीडशे किलो माल असतो. लोखंड-पत्र्याचा भंगारवाला स्प्रिंगची गादी फाडून तार घेऊन जाईल. फोमला तो हात लावत नाही, यात त्याचा दोष नाही. धाराशिवहून सोलापूरला हवा वाहून नेण्याचं भाडं त्याला कोण देणार? आठ तालुक्यांच्या, निमशहरी गावांच्या या धाराशिव जिल्ह्यात फोमचा स्वतंत्र कारखाना उभारा म्हणणंही व्यवहाराला धरून नाही. तेवढा माल इथं जमणारच नाही.

मग गादी जाते ती ओढ्याकाठी, नाल्यात किंवा काडीच्या टोकाला. नाल्यातला फोम पाणी शोषतो, गाळ धरतो आणि पहिल्या मोठ्या पावसात मोरीचं तोंड बंद करतो. जाळणं त्याहून घातक आहे. पॉलियुरेथेनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो, आणि उघड्यावरच्या धुमसत्या आगीत हे विषारी वायू जास्त तयार होतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. पण ‘जाळू नका’ म्हणून सांगणाऱ्याने ‘मग हे करा’ असं काही दिलं नाही, तर लोक दंड चुकवून रात्री जाळतात, एवढंच.

माझं म्हणणं असं, की नवी गादी पोचवायला आलेल्या टेम्पोनेच जुनी घेऊन जावी. सोलापूर किंवा लातूरहून भरून आलेली गाडी परतताना बहुधा रिकामी असते. वाहतुकीचं जे गणित भंगारवाल्याला परवडत नाही, ते इथं निम्म्याहून अधिक सुटतं. दुकानदाराने गाद्या साठवायच्या, कंपनीने त्या कात्रणाच्या वाटेला लावायच्या. टायर, बॅटरी आणि ई-कचरा यांबाबत उत्पादकाची ही जबाबदारी आपल्या कायद्याने 2022 मध्ये स्पष्ट नियम करून त्याच्या गळ्यात घातली. गादीवर ती अजून आलेली नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने 2013 मध्ये असा कायदा केला आणि 2015 पासून प्रत्येक नव्या गादीमागे 9 डॉलर घेऊन जुन्या गाद्या गोळा करायला सुरुवात केली.

यावर पहिला आक्षेप गिऱ्हाइकाच्या खिशाचा. दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाने गादीमागे आणखी पैसे का मोजावेत? आक्षेप खरा आहे. म्हणून शुल्काऐवजी जुनी गादी आणणाऱ्याला किमतीत सूट द्यावी. ‘एक्स्चेंज ऑफर’ दुकानदाराला नवी नाहीच. टीव्ही-फ्रिजला ती चालते. दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडे जुनी गादी फुकट कुठं जाते, ती शेतावरच्या खोलीत किंवा सालगड्याच्या घरी जाते. चांगल्या स्थितीतली गादी जरूर द्यावी. पण पिवळी पडून चुरा होऊ लागलेला फोम दुसऱ्याच्या दारात टाकणं म्हणजे दान नव्हे, आपला कचरा त्याच्या नावावर करणं आहे. आणि पुन्हा कापसाकडे वळा म्हणणाऱ्यांनी पिंजताना उडणारी कापसाची धूळ कुणाच्या फुप्फुसांत गेली, तेही आठवावं. ज्याला परवडतं आणि ज्याच्या गावात गादीवाला आहे, त्याने कापूस खुशाल घ्यावा. सगळा जिल्हा त्यावर परतणार नाही.

तुकडे करण्याच्याही लायकीचा न उरलेला फोम सिमेंटच्या भट्टीत जाऊ शकतो. उमरग्यापलीकडे सीमा ओलांडली की कलबुर्गी जिल्ह्यात वाडी, मळखेड, सेडमचा सिमेंटपट्टा आहे. तिथल्या भट्ट्यांत क्लिंकर चौदाशे अंशांच्या वर भाजतं, आणि फोमची उष्णता चांगल्या कोळशाच्या जवळपास असते. हा पुनर्वापर नव्हे, शेवटचा उपाय आहे. ओढ्याकाठच्या धुरापेक्षा शतपटीने बरा. पण त्यासाठीही माल दाबून, गठ्ठे बांधून एकत्र जमायला हवा. नगरपरिषदेची एखादी पत्र्याची शेड आणि गठ्ठे बांधायचं साधं दाबयंत्र एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकतं.

सुरुवात घरांपासून न करता तुळजापूरच्या लॉज आणि भक्तनिवासांपासून, मग वसतिगृहांपासून करावी. त्यांच्या गाद्या एकसारख्या असतात आणि एकदम बदलल्या जातात, म्हणजे एका खेपेत टेम्पो भरतो. दवाखान्यांच्या गाद्या मात्र या ढिगात घेऊ नयेत: रक्त किंवा शरीरातल्या द्रवांनी माखलेली गादी 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत नावानिशी पिवळ्या गटात मोडते, आणि ती त्याच व्यवस्थेकडे गेली पाहिजे.