येणं खरं, तरी दावा फेटाळला
करार रद्द कधी ठरतो, आणि धडधाकट करारही कोर्टात का अडतो?

समजा, शहागंजातल्या एका दुकानाने पैठणच्या किरकोळ विक्रेत्याला अडीच लाखांचा माल उधारीवर दिला. बिल आहे, माल पोचल्याची सही आहे, वहीत नोंद आहे. विक्रेत्याने पैसे बुडवले आणि दुकानदार कोर्टात गेला. दावा सुरुवातीलाच फेटाळला गेला, कारण दुकान दोन भावांच्या भागीदारीचं होतं आणि त्या भागीदारीची नोंदणी झालेली नव्हती. येणं खरं की खोटं, हे तपासण्यापर्यंत प्रकरण पोहोचलंच नाही.

शहागंजाभोवतीच्या चमन, भाजी मंडई, सराफा आणि पलीकडे जुना मोंढा या पट्ट्यातला व्यापार पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर आणि वहीवर चालत आला आहे. त्यात बेकायदेशीर काही नाही. कायद्याने तोंडी करारही करारच असतो. सौदा ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर ठरला, एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही. ट्रायमेक्स आणि वेदान्ता या कंपन्यांच्या वादात ईमेलवरून ठरलेला बॉक्साइटचा सौदा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली करार म्हणून मान्य केला. मग करार बिनसतो कुठे?

कायदा १८७२ चा

भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ ला लागू झाला. निजामाच्या राजवटीत असलेल्या मराठवाड्यात तो संस्थान विलीन झाल्यानंतर, १९५१ साली आला. त्याचं कलम १० मोजक्या अटी घालतं: करार करणारे सज्ञान आणि शुद्धीवर असावेत, संमती मोकळी असावी, मोबदला आणि हेतू कायदेशीर असावा आणि कायद्याने तो करार रद्द म्हणून सांगितलेला नसावा. यातली कोणती अट मोडली, त्यावर कराराचं भवितव्य ठरतं.

जन्मतःच रद्द

काही करार पहिल्या दिवसापासून शून्य असतात. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, व्यक्तीचा करार हे त्याचं ठळक उदाहरण. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या मोहोरी बीबी प्रकरणात हे पक्कं केलं. अज्ञान मुलाने घर गहाण ठेवून कर्ज घेतलं होतं. ते गहाणखत रद्द ठरलं आणि सावकाराला रक्कमही परत मिळाली नाही. वडिलांच्या माघारी सतरा वर्षांच्या मुलाचं नाव भागीदारीपत्रात पूर्ण भागीदार म्हणून घालणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं. इतर भागीदारांच्या संमतीने अज्ञानाला नफ्यात वाटा देता येतो, तोट्याची जबाबदारी मात्र त्याच्या अंगावर टाकता येत नाही.

मोघम करारही शून्यच. १८७२ च्या कायद्यातच उदाहरण दिलं आहे: ‘शंभर टन तेल विकीन’ एवढंच ठरलं आणि कोणतं तेल ते कळायला मार्ग नसेल, तर करार रद्द. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर तो टिकतो, कारण अर्थ त्याच्या धंद्यावरून कळतो.

तिसरा प्रकार धंदा रोखणाऱ्या अटींचा. ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच लाइनमध्ये काम करणार नाही’ असं सेल्समनकडून लिहून घेतलं जातं. कलम २७ पुढे असा कागद सहसा टिकत नाही. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्याबाबत हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परसेप्ट डी’मार्क कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. तो संपल्यावरही दुसऱ्या कंपनीची ऑफर स्वीकारण्याआधी परसेप्टला संधी द्यावी, अशी अट त्यात होती. मुदत संपल्यानंतर ही अट लागू करता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने २००६ साली दिला. अपवाद आहे तो दुकान नावलौकिकासकट विकण्याचा. तेव्हा ठरावीक हद्दीत तोच धंदा पुन्हा न करण्याची अट, ती वाजवी असेल तर, विकणाऱ्यावर बंधनकारक असते.

बिलाच्या तळाशी ‘वाद फक्त अमुक शहराच्या कोर्टात’ असं छापलेलं असतं. त्या कोर्टाला मुळात अधिकार असेल, तरच ही ओळ कामाची. आणि ‘सहा महिन्यांत दावा केला नाही तर हक्क बुडाला’ ही अट १९९७ च्या दुरुस्तीनंतर सरळ रद्द ठरते.

फसलेल्याच्या हातात

दमदाटी, फसवणूक, चुकीची माहिती किंवा अनुचित दबाव यातून झालेला करार आपोआप रद्द होत नाही. तो मोडायचा की चालू ठेवायचा, हे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ठरवायचं. पण फसवणूक कळल्यानंतरही माल घेत राहिलात, हप्ते स्वीकारत राहिलात, तर मोडण्याचा हक्क जातो.

करार चांगला, कोर्टाचं दार बंद

व्यापाऱ्याला सर्वांत जास्त नडतात ते यापुढचे दोष. यात करारात खोट नसते, खोट असते ती बाहेरच्या पूर्ततेत.

पहिला दोष सुरुवातीला पाहिलेला. भागीदारी कायदा १९३२ चा. नोंदणी सक्तीची नाही, पण कलम ६९ प्रमाणे बिननोंदणी फर्मला करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. त्या माणसाला मात्र फर्मवर दावा लावता येतो. महाराष्ट्राने १९८४ साली दुरुस्ती करून आणखी कडक पाऊल टाकलं: बिननोंदणी फर्मच्या भागीदारांना आपापसात भागीदारी मोडण्याचा किंवा हिशेबाचा दावाही बंद केला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. बाहेरच्या माणसाविरुद्धची मनाई आजही कायम आहे.

दुसरा दोष स्टॅम्पचा. कराराला लागू असलेलं मुद्रांक शुल्क भरलं नसेल, तर तो कागद पुराव्यात घेता येत नाही. यावर अलीकडे मोठा घोळ झाला. नागपूरच्या इंडो युनिक फ्लेम या कंपनीच्या कोळशाच्या उपकंत्राटावरून उठलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एप्रिल २०२३ मध्ये विनास्टॅम्प लवाद करार शून्य ठरवला. डिसेंबर २०२३ मध्ये सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते मत उलटवलं: स्टॅम्प नसल्याने करार मरत नाही, शुल्क आणि दंड भरून हा दोष काढता येतो. महाराष्ट्रात हा दंड करार झाल्या तारखेपासून कमी भरलेल्या शुल्काच्या दरमहा दोन टक्क्यांनी चढतो. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात साध्या करारासाठी शंभरचा स्टॅम्प चालत नाही, पाचशेचा लागतो.

तिसरा दोष भाड्याच्या गाळ्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

चौथा दोष सावकारीचा. व्याजाने पैसे फिरवण्याचा धंदा परवान्याशिवाय केला, तर २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. अडीअडचणीला एखाद्या वेळी दिलेले हातउसने यात मोडत नाहीत.

पाचवा दोष मुदतीचा, आणि यात सर्वांत जास्त पैसा बुडतो. उधारीची मुदत ठरलेली नसेल, तर माल दिल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. देणेकऱ्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी कोर्टाला तो स्वतःहून पाहावा लागतो. ‘जुना संबंध आहे, देईल’ म्हणत थांबणाऱ्याचं येणं इथे बुडतं. केवळ आपल्या वहीतली नोंदही पुरत नाही. नुसत्या हिशेबाच्या वहीवरून कोणावर देणं लादता येत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो.

काय करावं?

यातले बरेच दोष वेळेत दुरुस्त होतात. फर्मची नोंदणी कधीही करता येते, पण ती दावा दाखल करण्याआधी झालेली हवी. स्टॅम्पची कमतरता भरून काढता येते. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने ‘इतकी रक्कम देणं आहे’ असं लिहून सही केली, तर त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. मुदत संपल्यानंतर मात्र नुसती कबुली चालत नाही; ‘देईन’ असं नव्याने लेखी आणि सहीनिशी वचन लागतं, आणि तेव्हा ते कोणी सहजासहजी देत नाही.

म्हणून शब्दावर धंदा करणं सोडायला नको. ईदच्या आधी असो की दिवाळीच्या वहीपूजनाला, हिशेब मिळवताना प्रत्येक मोठ्या येण्याखाली देणेकऱ्याची सही आणि तारीख घ्या. भागीदारी असेल, तर फर्मची नोंदणी आधी करून टाका. वाद उभा राहिला, की या दोन्ही गोष्टी महाग पडतात.