पोकळीतला खर्ज

मोताळ्याहून बुलढाण्याकडे निघाले की राजूरचा घाट लागतो. या रस्त्यावर मी तीसेक वर्षे निरनिराळ्या वाहनांतून गाणी ऐकत आलो आहे. आधी काळीपिवळीत, मागच्या बाकाखाली कोंबलेल्या प्लायवूडच्या खोक्यातून. मग एका नातेवाइकाच्या ॲम्बेसेडरमध्ये, मागच्या काचेखालच्या लांबट स्पीकरमधून. आणि गेली सहा वर्षे स्वतःच्या जुन्या हॅचबॅक गाडीत. या लेखाचे मूळ या शेवटच्या गाडीत आहे.

माझे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत. १९९१च्या कार्तिकातल्या एका भजनाची कॅसेट घरात सापडली. ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि गाडीत लावली. टाळ ऐकू आले, पेटी ऐकू आली, पखवाजाच्या उजव्या पुडीचे बोलही स्वच्छ उमटले. डावी पुडी मात्र जवळजवळ नव्हतीच. घरी हेडफोनवर तीच फीत ऐकली तर ती होती. म्हणजे कॅसेटमध्ये खर्ज होता, गाडी तो देत नव्हती. (खर्ज हा गाण्यातला शब्द आहे, ज्याला सर्वजण ‘बास’ म्हणतात त्यासाठी मी इथे तो वापरतो आहे.) तो का देत नव्हती याचा शोध घेण्यात दोन वर्षे गेली आणि त्यातले पहिले वर्ष चुकीच्या वाटेने गेले.

चुकीची वाट वॅटची होती. जिल्ह्यातल्या एका दुकानातून मी खोक्यावर ‘२००० वॅट’ छापलेला वूफर आणला, साडेसात हजार रुपये मोजले आणि तो गाडीच्या टेपलाच थेट जोडून घेतला. आवाज मोठा झाला, पण तो ढबढब असा, एकाच सुराचा. पखवाज, ढोलकी, सिनेमातला स्फोट, सगळे सारखेच. मग गणित करून पाहिले. चालू गाडीत टेपला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. त्यातून ४ ओहमच्या स्पीकरला, काहीही वाया न जाता, जास्तीत जास्त २६ वॅट देता येतात, प्रत्यक्षात पंधरा-वीस. टेपवर ‘५० × ४’ लिहिलेले असते ते क्षणिक शिखराचे माप, सलग मिळणाऱ्या शक्तीचे नव्हे. सलग शक्तीला आरएमएस म्हणतात आणि खरेदी करताना तेवढाच आकडा विचारावा. शिवाय शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. माझ्या २००० वॅटच्या खोक्याला मी पंधरा वॅटचे दूध पाजत होतो.

वाट दाखवली ती मलकापूरच्या एका कारागिरांनी. हयात गाड्यांना टेप बसवण्यात गेलेला माणूस. त्यांनी माझ्या गाडीच्या दाराचे आतले आवरण उघडले, बॅटरीचा उजेड आत टाकला आणि म्हणाले, “वॅट नका मोजू भाऊ, दरवाज्याचे भोकं मोजा.”

या वाक्यात ध्वनिशास्त्राचा एक सबंध धडा आहे. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकच पडदा एकाच वेळी दोन आवाज काढतो, एक सुलटा, एक उलटा. उंच स्वरांच्या लहरी आखूड असतात, त्या बऱ्याचशा पुढेच निघून जातात. खर्जाच्या लहरी मात्र अवाढव्य: ५० हर्ट्झची एक लहर जवळजवळ सात मीटर लांब. तिला साडेसहा इंची स्पीकर आडवा येतच नाही. मागची उलटी लहर भोकांतून वळसा घालून पुढे येते आणि सुलटीला खाऊन टाकते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोके असतात, त्यावर कारखान्याने पातळ प्लास्टिक चिकटवलेले असते, तेही एखाद्या मेकॅनिकने काच दुरुस्त करताना फाडलेले. पखवाजाची डावी पुडी माझ्या गाडीत तयार होत होती आणि दारातच विरून जात होती.

इथे मला ॲम्बेसेडर आठवली. तिच्या मागच्या काचेखालच्या फळीत स्पीकर असत आणि त्यांची पाठ डिकीत असे. डिकी म्हणजे आयतेच बंद खोके. पुढची लहर बैठकीत, मागची डिकीत कोंडलेली. १९८३मध्ये मारुती ८०० आली, हॅचबॅकचा जमाना सुरू झाला आणि डिकीवरची फळी म्हणजे दोरीला लटकणारा हलका पुठ्ठा झाला. आमच्या पिढीतले लोक “जुन्या गाड्यांत आवाज भरीव होता” म्हणतात ती निव्वळ आठवणींची माया नसावी, असा माझा तर्क आहे. काळीपिवळीवाल्यांनी बाकाखाली प्लायवूडचे खोके ठोकले तेही याच गरजेतून. ते कोणत्याही पुस्तकात वाचून ठोकलेले नव्हते.

पुस्तकातली गोष्टही फार जुनी नाही. बंद खोक्यातली हवाच पडद्याला स्प्रिंगसारखी वापरायची ही कल्पना अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. त्यामुळे कपाटाएवढ्या स्पीकरचे काम पुस्तकांच्या फळीवर मावणारे खोके करू लागले. १९६१मध्ये ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी, आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी, कोणत्या स्पीकरला केवढे खोके लागते याची सूत्रे बांधली. आज चांगल्या स्पीकरसोबत जो आकड्यांचा कागद येतो तो या दोघांच्या नावाने ओळखला जातो. तो कागद नसलेला वूफर घेऊ नये. माझ्या २००० वॅटवाल्यासोबत फक्त एक स्टिकर आला होता.

पण हे सगळे वाचताना मला राहून राहून वडिलांचा पखवाज दिसत होता. भजनाआधी ते कणीक भिजवत आणि डाव्या पुडीच्या मधोमध थापत. थोडी वाढवायची, हाताने वाजवून पाहायचे, थोडी काढायची. भजन संपले की खरवडून टाकायची. पुडीवर वजन वाढले की तिची कंपने संथ होतात, स्वर खाली उतरतो. स्पीकर बनवणारे हेच करतात: पडद्याचे वजन वाढवले की त्याची स्वाभाविक कंपनसंख्या उतरते, मात्र त्याला हलवायला जोर जास्त लागतो. आणि पुडीखाली लाकडाची बंद पोकळी असतेच; वूफरच्या खोक्याचे गणित इथेही आहेच. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२०मध्ये ‘नेचर’मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर लिहिले ते मुख्यतः शाईमुळे पुडीतून सुरेल स्वर कसे निघतात याविषयी. कणकेच्या बाजूकडे त्या मानाने अभ्यासकांचे लक्ष कमी गेले, याची मला थोडी खंत आहे. असो.

आता प्रत्यक्ष काम. पहिली दुरुस्ती फुकटची होती. कारागिरांनी टेपमागचा कपलर काढला आणि दीड व्होल्टचा साधा सेल प्रत्येक स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवला. सेलचा अधिक स्पीकरच्या अधिकला लागला तर पडदा बाहेर येतो. उजव्या दाराचा आला, डाव्याचा आत गेला. कुणीतरी कधीतरी तारा उलट्या जोडल्या होत्या. एक स्पीकर हवा ढकलत असताना दुसरा ओढत होता. उंच स्वरांना याचे फारसे काही वाटत नाही, खर्ज मात्र दोघांच्या मधे मरतो. तारा बदलल्या आणि पखवाज निम्मा परत आला. एक रुपयाही न मागता ते म्हणाले, “हे आंधी पाहा लागते, मग खरेदी.”

दुसरे काम दारांचे. आतल्या पत्र्याची मोठी भोके झाकली, पत्र्यावर डांबरासारखी दिसणारी ब्युटाइलची डॅम्पिंग शीट दाबून बसवली, स्पीकरखाली प्लायवूडची कडी घातली. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी असलेली छिद्रे मात्र बुजवायची नाहीत, नाहीतर पावसाळ्यानंतर दार गंजते. दार लावताना पूर्वी डबा आपटल्यासारखा आवाज येई, तो बदलला.

तिसरे काम वूफरचे. खर्जासाठी एक कठोर नियम आहे: एक सप्तक खाली उतरून आवाज तेवढाच ठेवायचा तर चौपट हवा हलवावी लागते. दारातल्या स्पीकरकडे तेवढी जागाच नसते. दहा इंची पडद्याचे क्षेत्रफळ साडेसहा इंचीच्या जवळजवळ अडीचपट असते, म्हणून तो घेतला, आणि त्याला वीसेक लिटरचे बंद खोके केले. पाइप काढलेले खोके जास्त आवाज देते, पण ते मोठे लागते आणि हिशेब चुकला की पुन्हा ती एकसुरी ढबढब. शिवाय हंगामात बियाण्याच्या पिशव्या डिकीतूनच येतात. ज्यांना तेवढीही जागा नाही त्यांच्यासाठी सीटखाली बसणारे आठ इंची वूफर मिळतात. त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नसावी.

वूफरला वेगळा ॲम्प्लिफायर हवाच. ३०० वॅट आरएमएसचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात २७ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याची तार थेट बॅटरीवरून घ्यायची, जाड तांब्याची, आणि बॅटरीच्या अधिकपासून वीतभर अंतरातच फ्यूज. ही काटकसरीची जागा नव्हे: पत्र्यावर घासून तार उघडी पडली आणि फ्यूज नसला तर गाडी पेटते. ॲम्प्लिफायरवरचे ‘गेन’चे बटण म्हणजे आवाजाचे बटण नव्हे, टेपचा सिग्नल आणि ॲम्प्लिफायर यांचा मेळ घालायचा स्क्रू आहे तो. ८० हर्ट्झच्या खालचे वूफरला, वरचे दारांना, अशी वाटणी केली. खरा फरक या वाटणीने पडला. न पेलणारे ओझे उतरल्याबरोबर दारातले कारखान्याचेच स्पीकर मोकळे गाऊ लागले. ते मी बदललेच नाहीत.

मोटारीची बैठक स्वतःही खर्जाला हात देते. आतली लांबी अडीच मीटर धरली तर सुमारे ७० हर्ट्झच्या खाली लहर आत मावतच नाही; संपूर्ण बैठकीत एकदम दाब वाढतो-उतरतो आणि आवाज आपोआप चढतो. पण तीच बैठक चालत्या गाडीत उलटते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याचे स्फोट सेकंदाला १०० होतात. घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये नेमके हेच होते, आणि डाव्या पुडीचा स्वर या शेजारातलाच. इंजिन त्याला झाकून टाकते. म्हणून घाटात आवाज वाढवण्याचा मोह होतो आणि सपाटीवर आल्यावर तो कमी करायचा राहून जातो.

याच्या दुसऱ्या टोकाबद्दल बोलणे भाग आहे. लग्नाच्या वरातीतल्या डीजेच्या गाडीसमोर मी उभा राहिलो आहे. छातीचा पिंजरा हलतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती ‘ए’ प्रकारच्या मोजणीत. ही मोजणी माणसाच्या कानाच्या नाजूकपणानुसार आकडे कमी-जास्त करते आणि ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करते. घरातली भांडी वाजतात, पाळण्यातले मूल दचकते, आणि यंत्रावरचा आकडा त्या मानाने सौम्य. हा नियम खर्जासाठी अपुरा आहे असे माझे मत आहे. माझ्या गाडीची काच मी बंद ठेवतो, तरी गल्लीत शिरताना आवाज उतरवतो. खर्ज काचेला जुमानत नाही.

काम पूर्ण झाल्यावर कॅसेट पुन्हा लावली ती राजूर घाटातच, गाडी कडेला उभी करून, इंजिन बंद ठेवून. डावी पुडी आली. तिच्या सोबत पूर्वी कधी न ऐकलेली एक सलग घूंऽऽ अशी गुणगुणही आली. आधी वाटले, जोडणीत चूक राहिली. मग उमगले: माइकची लांब तार देवळातल्या दिव्याच्या तारेशेजारून गेली असणार आणि विजेची ५० हर्ट्झची गुरगुर फितीत उतरली. चौतीस वर्षे ती तिथेच होती. तिसऱ्या अभंगाच्या मध्यावर ती गुरगुर एकदम थांबते. गावची लाइट गेली. टेप सेलवर चालू होता. टाळ क्षणभर चुकतात, कुणीतरी “कंदील आणा रे” म्हणते, आणि त्या अंधारात डाव्या पुडीचा ठेका न अडखळता चालू राहतो.