दाह आणि रक्ताचे पहारेकरी

रक्ताने रक्तवाहिन्यांची मर्यादा ओलांडू नये, म्हणून रक्तातील अतिसूक्ष्म रक्तपट्टिका अहोरात्र पहारा करीत असतात. बोट कापले असता त्या एकमेकींना चिकटतात, गुठळी बनते आणि रक्तस्राव थांबतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु कापल्याची जखम नसतानाही त्यांना एक नाजूक कामगिरी पार पाडावी लागते.

शरीरात रोगजंतू शिरले किंवा त्वचा उन्हाने भाजली, म्हणजे तो भाग लाल होतो, सुजतो आणि ठणकू लागतो. यालाच दाह म्हणतात. अशा वेळी पांढऱ्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून वाट काढून बाहेर पडतात. त्यांच्या मागोमाग तांबड्या पेशीही निसटण्याचा धोका असतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शास्त्रज्ञांनी उंदरांच्या रक्तातील पट्टिका जवळजवळ नाहीशा केल्या. तेव्हा दाह झालेल्या त्वचेत, फुप्फुसांत व मेंदूत रक्तस्राव होऊ लागला. दाह नसलेल्या अवयवांत मात्र तो झाला नाही.

पट्टिका हे काम कोणत्या साधनाने करतात? याचा उलगडा २०१३ साली झाला. पट्टिका नाहीशा केलेल्या उंदरांना निरनिराळ्या प्रकारच्या पट्टिका देऊन पाहण्यात आल्या. जनुक म्हणजे विशिष्ट प्रथिन कसे बनवावे, याची पेशीला मिळालेली आनुवंशिक सूचना होय. क्लेक-२ हे जनुक काढून टाकले की पट्टिकांच्या पृष्ठभागावरील त्याच नावाचे प्रथिन तयार होत नाही. अशा पट्टिका संख्येने पुरेशा असूनही दाहातील रक्तस्राव रोखण्यात बऱ्याच उण्या पडल्या. क्लेक-२ बरोबर जीपी-६ हे दुसरे प्रथिनही निकामी केले, तेव्हा तर त्या दिल्या काय आणि न दिल्या काय, सारखेच झाले. याउलट, गुठळी बनविण्यास आवश्यक अशी दुसरी यंत्रणा ज्यांच्यात दुर्बल केली होती, त्या पट्टिकांनी हे काम निरोगी पट्टिकांइतकेच चोख बजावले! म्हणजे जखम बुजविणे आणि दाहात रक्तवाहिनी राखणे, ही दोन वेगळी कामे ठरली.

हृदयातील वा मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यास प्राणावर बेतते. म्हणून गुठळी रोखणारी औषधे शोधली जातात. क्लेक-२ किंवा जीपी-६ यांना अडविणारे औषध दाह असलेल्या रुग्णास अपायकारक तर ठरणार नाही ना, हे वैद्यांनी आधी पारखले पाहिजे. इवल्याशा उंदराने मानवाला दिलेला हा सावधगिरीचा इशाराच होय.