हातात कॅश, कागद कोरा!

राजगडचा ट्रेक म्हटला की पुणेकरांचा रूट ठरलेला. पहाटे निघायचं, चेलाडीला हायवे सोडायचा, नसरापूर मागं टाकायचं आणि मार्गासनीला चहासाठी थांबायचं. इथूनच साखर-गुंजवण्याचा फाटा फुटतो. पावसाळ्यात रस्त्याच्या एका बाजूला बाइकवाल्यांचे ग्रुप, गॉगल, जॅकेटं... आणि दुसऱ्या बाजूला खाचरात वाकून भाताची लावणी करणाऱ्या बाया.

संध्याकाळी त्यांच्या हातात रोजाचे पैसे पडतात. नोटा मोजल्या, कमरेला खोचल्या, विषय संपला. स्लिप नाही, सही नाही. टपरीवर कप विसळणाऱ्याचंही तेच. आणि खरं सांगू? फ्रीलान्सर म्हणून माझंही फार वेगळं नाही. मलाही एका कामाचे पैसे पाकिटातूनच मिळालेत.

आधी टॅक्सचा फंडा क्लिअर करू. ‘कॅश घेतली म्हणजे सुटलो’ हा निव्वळ गैरसमज. रोख असो की ऑनलाइन, कमाई ती कमाईच. गंमत म्हणजे शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दुसऱ्याच्या खाचरात राबून मिळालेली मजुरी त्यात बसत नाही. अर्थात 2025-26 पासून नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत कर नाहीच, आणि रिबेट धरला तर पगार-मजुरीवाल्याचा 12 लाखांपर्यंत शून्य. तेव्हा लावणीवालीला टॅक्सचं टेन्शन नाही.

तिचं टेन्शन वेगळं. उद्या बांधावरून पाय घसरला, तर ती कुणाची कामगार होती हे सांगणार कोण?

कायदा म्हणतो, नेमणुकीचं पत्र नाही म्हणून नोकरी नाही असं होत नाही. काम कुणाच्या हुकमानं, कुणाच्या वेळेनं चालतं, ते बघायचं. म्हणजे टपरीवरचा तो तरुण नोकर. आपल्याला एक दिवस गड दाखवणारा वाटाड्या मात्र स्वतःचा धंदा करणारा. आणि (हे जरा कान देऊन वाचा) वेल्ह्याच्या बाजूला वीकएण्ड प्लॉट घेऊन तिथं राखणीला माणूस ठेवला असेल, तर मालक तुम्ही!

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. किमान वेतन सगळ्यांना, पगाराची स्लिपही द्यायची. पण मेख अशी, की शेतीसाठी किंवा घरकामासाठी पाचपर्यंतच माणसं ठेवणाऱ्याला स्लिप आणि रजिस्टरची सक्ती नाही. इन्स्पेक्टरनं मागितलं तर पैसे दिल्याचा पुरावा दाखवायचा, बस्स. म्हणजे जिला कागदाची सगळ्यात जास्त गरज, तीच बाहेर.

आता तुमची सॅलरी स्लिप काढा. त्यात ‘पी.टी.’ म्हणून 200 रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत 300. वर्षाचे अडीच हजार. (महिना 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना 2023 पासून माफी आहे.) हा व्यवसाय कर 1975 मध्ये आला तो रोजगार हमीसाठी! वि. स. पागे यांची ही योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर कामाला आली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारातून गावातल्या मजुरी, असा हिशेब. त्या कामांवर एक भारी गोष्ट होती: मस्टर. खडी फोडणाऱ्या बाईचं नाव, तिचे दिवस, तिचा अंगठा, सगळं सरकारी कागदावर. खासगी खाचरात आजही ते नाही.

2021 पासून ई-श्रमची मोफत नोंदणी आहे, बारा आकडी नंबर मिळतो. पण त्यावरून ती असंघटित कामगार आहे एवढंच कळतं. मंगळवारी कुणाच्या खाचरात होती, हे नाही. त्याला साधी वही लागते. तारीख, काम, रोज किती, दिला कुणी. राखणदाराला यूपीआयनं पैसे पाठवलेत तर निम्मं काम आपोआप होतं.

मार्गासनीहून परतल्यावर मीही एक वही घातली. पहिल्याच ओळीला अडकले. ते पाकीट मला नेमकं कुठल्या तारखेला मिळालं होतं?