राळेगणसिद्धीची शेतीसहल : काय पाहावे?

चाकणजवळील महाळुंगे, निघोजे, नाणेकरवाडी ह्या गावांत गेल्या काही दशकांत कारखाने उभे राहिले व पुष्कळ शेतजमीन त्यांच्याखाली गेली. उरलेल्या जमिनीवर कांदा, बटाटा व भाजीपाला पिकविणाऱ्या शेतकऱ्यास पाणी आणि वीज ह्या दोहोंची विवंचना असते. अशा शेतकऱ्याने स्वतःच्या पाण्यावर व शक्य तेवढ्या स्वतःच्या ऊर्जेवर उभे राहिलेले गाव एकदा प्रत्यक्ष पाहावे, हे इष्ट होय.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे असे गाव आहे. चाकणहून शिक्रापूरमार्गे अहिल्यानगरच्या रस्त्यास लागावे. शिरूरजवळ घोड नदी ओलांडून पुढे गेले की पारनेर तालुका लागतो. छत्रपती संभाजीनगर किंवा विदर्भाकडे मोटारीने लांबचा प्रवास करणाऱ्यांनाही थोडी वाट वाकडी करून हे गाव पाहता येते.

पाहुण्यांचे लक्ष प्रथम सौर दिवे व गोबरगॅस ह्यांकडे जाते. तथापि गावाचा पाया तेथे नाही. सैन्यातून निवृत्त झालेले अण्णा हजारे १९७५ साली गावी परतले, तेव्हा पाझर तलाव गळका होता आणि पोटासाठी दारूच्या भट्ट्या चालत. ग्रामस्थांनी प्रथम तलावाचा बांध दुरुस्त केला. मग खालच्या विहिरींना पाणी आले. पुढे नालाबांध, समपातळी चर व वृक्षलागवड झाली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही पाच सूत्रे गावाने स्वीकारली. उसासारखी फार पाणी पिणारी पिके वर्ज्य केली. ऊर्जेची साधने ह्या घडीवर बसली. गाव विजेच्या तारांपासून सर्वस्वी अलिप्त आहे, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे.

पावसाचा हिशेब साधा आहे. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ४५० मिलिमीटर पाऊस पडला, तर प्रत्येक हेक्टरावर ४५ लाख लिटर पाणी येते. ते माथ्यापासून पायथ्याकडे अडवीत आणले, तरच जमिनीत मुरते. प्रथम पायथ्याशी बांध घातल्यास तो गाळाने लवकर भरतो.

हा क्रम आजच्या सौर पंपाच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवावा. राज्याच्या २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो. दिवसा पाणी देता येते, ही मोठी सोय होय. परंतु पंपास विजेचे बिल येत नाही, म्हणून तो दिवसभर चालू ठेवण्याचा मोह होतो. शेजारच्या सर्व विहिरींवर असे घडले, तर ज्या पाण्यासाठी पंप बसविला तेच उन्हाळ्यापूर्वी संपेल. म्हणून पंपाचा अर्ज व पाणीवाटपाचा ठराव ही दोन्ही कामे बरोबर व्हावीत.

गोबरगॅसचेही तसेच आहे. दोन घनमीटर संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. त्याकरिता चार-पाच मोठी जनावरे हवीत. गायराने आक्रसून दावणीला एकच गाय उरली असेल, तर मोठे संयंत्र रिकामे पडून राहील. जनावरे पुरेशी असल्यास मात्र पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो व मळी शेतास खत म्हणून मिळते.

सहलीस जाणाऱ्यांनी पुढील गोष्टींची चौकशी अवश्य करावी :

१. पाऊस कोण मोजतो व त्यावरून पिके कशी ठरतात?
२. नियम मोडणाऱ्यास गाव काय करते?
३. बांध व चरांची दुरुस्ती कोण, केव्हा करतो?

ह्या उत्तरांची नोंद घेऊन परतावे आणि ती येत्या ग्रामसभेत वाचून दाखवावी. यंत्र बाजारात विकत मिळते. पाण्याचा नियम गावाने स्वतःच करावयाचा असतो.